डॉक्टरनं काहीच दिलं नाही

आमच्याकडे दवाखान्यातून परत आलेल्या माणसाला पहिला प्रश्न असतो, "काय दिलं?" काय झालंय, हे नंतर. सुई टोचली का, सलाईन लावली का, गोळ्या किती रंगाच्या होत्या, यावर डॉक्टरची पत ठरते. लातूरमध्ये रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये अर्धं आयुष्य काढल्यामुळे मला यात नवल वाटत नाही. अशा मुलखात माझी मावशी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातून ब्लड कॅन्सरचं निदान घेऊन रिकाम्या हातानं परत आली. गोळी नाही, केमो नाही, शेक नाही. केसपेपरवर एवढंच, की तीन महिन्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून या.

औसा तालुक्यातल्या त्या गावात बातमी लातूर एक्सप्रेस स्टेशनात शिरायच्या आधी पोचली होती. बायका भेटायला आल्या त्या पदर डोळ्याला लावूनच. मावशी ओसरीवर बसून तुरीची डाळ निवडत होती. "काय दिलं, अक्का?" "काई न्हाई दिलं." मग जरा वेळ कोणी बोलेना. कॅन्सर झालाय आणि काही दिलं नाही, याचा अर्थ गावानं चटकन लावला: डॉक्टरांनी हात वर केले, आता घरी नेऊन सेवा करा. एक म्हातारी तर जाताना माझ्या मावसभावाला म्हणाली, "तिच्या मनात काय खायचं हाय ते खाऊ घाल बाबा."

खरं तर हात वर केलेच नव्हते. मावशीचा आजार म्हणजे टी पेशींचा, विषाणूंशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा, एक दुर्मिळ ल्युकेमिया, लार्ज ग्रॅन्युलर लिम्फोसाइट नावाचा. आम्ही लॅबवाले त्याला एलजीएल म्हणतो. पुष्कळांत तो इतका संथ चालतो, की पहिली काही वर्षं औषध न देता नुसतं लक्ष ठेवणं हाच योग्य इलाज ठरतो. हा आजार असलेली माणसं दहा-दहा वर्षं आणि त्याहून जास्त जगतात. पुष्कळदा साठीच्या आसपास तो सापडतो, आणि सापडतो तोही दुसरंच काहीतरी शोधताना.

मावशीचंही तसंच झालं. तिला आमवात जुना. बोटांची पेरं वाकलेली, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, भाकरी थापायची तर सून उठायच्या आधी गरम पाण्यात हात बुडवून बसायची. गोळ्या तिनं केव्हाच सोडल्या होत्या. पोटात आग पडते म्हणून. त्या पावसाळ्यात तोंडात फोड यायला लागले. एक बरा झाला की दुसरा. तिखट तर सोडाच, वरणभातही गिळवेना. मावसभाऊ तिला घेऊन आला आणि मी नेहमीसारखं रक्त काढलं.

मशीननं दिलेले आकडे वरवर साधे होते. हिमोग्लोबिन 9.4. आमच्या भागातल्या बायकांत नऊ हिमोग्लोबिन बघून कोणाची भुवई हलत नाही, आणि ती हलायला पाहिजे हा वेगळा लेख होईल. एकूण पांढऱ्या पेशी 6,200, म्हणजे बिनघोर. घोर पुढच्या ओळीत होता: लिम्फोसाइट (टी पेशी ज्या गटात मोडतात त्या पांढऱ्या पेशी) 78 टक्के, न्यूट्रोफिल 12. एकूण संख्येला टक्क्यांनी गुणलं की न्यूट्रोफिल साडेसातशेच्याही आत येतात. निदान दीड हजार तरी असायला हव्यात. जंतू शिरले की पहिल्यांदा धावतात त्या याच पेशी. त्या कमी पडल्या म्हणजे तोंडातलं कातडं आधी हार मानतं.

मी स्लाइड काढली. काचेच्या एका टोकाला रक्ताचा थेंब, दुसरी काच तिरपी धरून एका दमात ओढायची, टोकाला पातळ शेपूट निघालं पाहिजे. वाळल्यावर लिशमनचा रंग, मग बफरचं पाणी, मग धुवायचं. तेलाचा थेंब टाकून शंभरच्या भिंगाखाली बघितलं. निरोगी माणसाची लिम्फोसाइट छोटी असते, लाल पेशीपेक्षा थोडीच मोठी, आणि तिचं केंद्रक तिला जवळपास भरूनच टाकतं. इथं मात्र एकामागून एक ऐसपैस पेशी. केंद्रक एका बाजूला सरकलेलं, भोवती फिकट आकाशी रंगाचा पसारा, आणि त्या पसाऱ्यात जांभळट लाल कण, मोजता येतील इतके ठळक. असे कण असलेल्या लिम्फोसाइट आपल्या सगळ्यांच्या रक्तात थोड्या असतातच. पण काच जिकडे सरकवावी तिकडे त्याच दिसायला लागल्या की हात थांबतो. मी मॅडमना, म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्टना, हाक मारली. त्यांनी बराच वेळ डोळा लावला आणि विचारलं, "यांना सांधेदुखी आहे का हो?"

हा प्रश्न हवेतून आला नव्हता. 1924 साली बाल्टिमोरमध्ये ऑगस्टस फेल्टी नावाच्या डॉक्टरनं पाच रुग्णांची हकीकत लिहिली होती: जुना आमवात, वाढलेली प्लीहा आणि घटलेल्या पांढऱ्या पेशी. त्याला फेल्टी सिंड्रोम असं नाव पडलं. एलजीएलचे जे रुग्ण आहेत, त्यांच्यातही आमवात असणारे भरपूर. दोन्हींकडे एचएलए-डीआर4 हा एकच जनुकीय वारसा वारंवार सापडतो. त्यामुळे आमवातासोबतचा एलजीएल आणि फेल्टी हे एकाच दुखण्याचे दोन चेहरे असावेत, असं अनेक जाणकार मानतात. सोनोग्राफीत मावशीची प्लीहाही जराशी मोठी निघाली.

इतकं जुळूनही निदान लगेच झालं नाही. एखाद्या विषाणूचा ताप येऊन गेला तरी या पेशी काही काळ वाढतात आणि आपोआप ओसरतात. त्यामुळे एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नसतो. पेशी महिनोन् महिने टिकून आहेत हे बघायचं, फ्लो सायटोमेट्री नावाच्या तपासणीत त्यांच्या अंगावरच्या खुणा ओळखायच्या (सीडी3, सीडी8, सीडी57 या त्यातल्या मुख्य), आणि टी सेल रिसेप्टरच्या जनुकांची तपासणी करून त्या सगळ्या एकाच पेशीची पिलावळ आहेत का ते ठरवायचं. म्हणजे वाट बघणं निदानाच्या आधीपासूनच सुरू होतं. मावसभावाला हे अजिबात पटलं नव्हतं. त्याचा हिशोब सरळ होता: आजार मोठा, तर घाई मोठी.

आमच्या भागात कॅन्सर म्हटलं की तोंड आधी बार्शीकडे वळतं. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण धाराशिव-लातूरकडच्या पेशंटला तीच जवळची. तिथं 1987 मध्ये ग्रामीण भागातली कॅन्सरची नोंदवही सुरू झाली, बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यातल्या गावांची. खेड्यातला कॅन्सर कोणी गावोगाव जाऊन मोजावा, हेच तेव्हा नवं होतं. त्या भागातल्या लोकांच्या तोंडी गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, तंबाखूचा कॅन्सर हे शब्द आता बसलेत. पण ज्यात गाठ दिसत नाही, रक्त ओकत नाही, माणूस चालता-फिरता असतो, त्या दुखण्याला लोक कॅन्सर मानायलाच तयार नसतात. आणि एकदा मानलं की मग माणसाला जिवंत मानायला तयार नसतात.

मुंबईच्या डॉक्टरबाईंनी मावशीला समजावून सांगितलं ते मी शेजारी बसून ऐकलं. विषाणू आला की अंगातल्या या टी पेशी एकीच्या शंभर होतात, विषाणूनं घर केलेल्या पेशी मारतात, आणि काम संपलं की त्यांच्यातल्या बहुतेक स्वतःहून मरतात. तशी व्यवस्थाच असते. तुमच्यात एक टोळी मरायचं विसरली आहे. मावशी ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजे लगीन उरकलं तरी पाव्हणे उठनात. आन् घरच्यांना जेवाय उरंना." बाई हसल्या. मला तर आजवर वाचलेल्या कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा हे नेमकं वाटलं, कारण न्यूट्रोफिल घटण्याचं कारणही त्यात आलं. या रेंगाळलेल्या पेशी फास लायगंड नावाचं प्रथिन सोडतात. ते न्यूट्रोफिलना मरणाचा सांगावा देतं. स्वतः मात्र त्या त्याच सांगाव्याला दाद देत नाहीत.

त्या तशा का वागतात याचा एक मोठा धागा 2012 मध्ये हाती लागला. हेलसिंकीच्या संशोधकांनी 77 रुग्णांच्या पेशी तपासल्या तेव्हा 31 जणांत स्टॅट3 या जनुकात बदल सापडला. 'जगा, वाढा' असा हुकूम देणारं हे बटण त्यांच्यात चालूच राहिलेलं. आणि याला ल्युकेमिया म्हणायचं का, हा वाद त्याआधीचा. 1985 मध्ये थॉमस लॉफ्रन आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांच्या या पेशींत गुणसूत्रांचे सारखेच बिघाड दाखवले, म्हणजे सगळ्या एकाच मुळाच्या. तिथून हे दुखणं ल्युकेमियाच्या घरात आलं. पुस्तकाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. पण आमच्या ओसरीवर त्या नावानं जो हाहाकार उडवला, तो पेशींनी उडवलेल्या हाहाकारापेक्षा मोठा होता.

टी पेशींचे सगळेच ल्युकेमिया असे सबुरीचे नसतात. काही महिन्यांत माणूस संपवणारेही आहेत, आणि एलजीएलचाही क्वचित सापडणारा उग्र प्रकार आहेच. आणि काही वेळा एकाच आजाराच्या आत दोन्ही चाली असतात. जपानच्या नैऋत्येला, क्यूशूकडे, एक टी पेशींचा ल्युकेमिया आढळतो. 1977 मध्ये ताकात्सुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची ओळख करून दिली. एचटीएलव्ही-1 या विषाणूमुळे तो होतो, आणि विषाणू बहुतेक वेळा आईच्या दुधातून लेकराकडे जातो. तो अंगात असलेल्या शंभरातल्या पाचेक जणांनाच पुढे आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होतो. 1991 मध्ये त्याचे चार प्रकार पाडले गेले. त्यातले दोन मंद: एक नुसता धुमसणारा, दुसरा जुनाट. हे मंद प्रकार असलेल्या अनेकांना तिथले डॉक्टरही औषध न देता बघत राहतात. रात्री मोबाईलवर हे वाचताना क्यूशूतल्या एखाद्या आजीला शेजारणी काय विचारत असतील, याचा मी उगाच विचार करत बसलो. जपानी बाया विचारत नसतील कदाचित. आमच्या विचारतात.

आणि नुसत्या विचारत नाहीत, घेऊनही येतात. कोणी किवी आणले, कोणी पपईच्या पानांचा रस. डेंग्यूच्या साथींनी आम्हाला एवढं शिकवलंय की पेशी कमी झाल्या म्हणजे पपई. त्या पेशी वेगळ्या, या वेगळ्या, हे ओसरीवर सांगून उपयोग नाही. एका जावयानं प्रतिकारशक्ती वाढवायचा काढा पाठवला, महागडा, चकचकीत बाटलीतला. प्रतिकारशक्तीचीच एक फौज बेसुमार वाढल्यामुळे झालेल्या आजारावर! मी तो मुकाट्यानं पिशवीत घालून लातूरला आणला. मावशी मात्र प्रत्येकीचं मन राखायची. "पिते की बाई," म्हणायची आणि वाटी खाली ठेवायची.

काहीच न देणं म्हणजे काहीच न करणं नाही, हे मला घरातल्या सुनेकडून कळलं. मावसभावाची बायको, आमच्या वहिनी, दहावीपर्यंत शिकलेल्या. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं त्यांनी एकदाच ऐकलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला काम लावलं. त्यावर आधीच दुधाचा रतीब, गॅसची टाकी, म्हशीची तारीख असा पसारा. त्यातच चौकटीच्या कोपऱ्यात मावशीचा ताप. रोजचा नाही, अंग कोमट लागेल त्या दिवसाचा. 100.4 च्या वर गेला की पॅरासिटामॉल देऊन झोपवायचं नाही, रात्र असो की अमावस्या, गाडी काढायची. न्यूट्रोफिल कमी असलेल्या माणसाचा ताप सकाळची वाट बघत नाही. आमच्याकडे ताप अंगावर काढणं हा पुरुषार्थ समजला जातो, बायकांच्या बाबतीत तर रीतच. ती रीत या घरात मोडली. थर्मामीटरवर खर्च झाला शे-दीडशे रुपये.

वेळ अमावस्येला प्रश्न आला. आमच्या भागातला हा सण घरी बसून होत नाही. रानात कडब्याची कोप उभारायची, पांडव मांडायचे, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आग्रह. गर्दी, खोकणारी लेकरं, रांजणातलं पाणी. मावसभाऊ म्हणाला, आईला यंदा घरीच ठेवू. मावशीनं त्याच्याकडे बघितलं आणि सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन गाडीत बसली. वहिनींनी घरून उकळलेलं पाणी बरोबर घेतलं आणि भज्जी चुलीवर रटरटत असताना पहिली वाटी तिची काढली, ती फुंकर मारून खायला लागेल इतकी कढत. आंबील मात्र तिनं मडक्यातलीच घेतली. ती घेऊ नको, असं तिला सांगायची छाती आमच्यापैकी कोणाची झाली नाही.

पैशाचंही बोललं पाहिजे. आपल्याकडच्या सरकारी आरोग्य योजना दाखल झालेल्या माणसासाठी, ठरलेल्या उपचारांच्या यादीसाठी असतात. ऑपरेशन करा, केमो घ्या, कार्ड दाखवा. पण दर तीन महिन्यांची तपासणी, मुंबईची गाडी, एका दिवसाची बुडालेली मजुरी, हे कुठल्या यादीत बसत नाही. संथ आजाराचा खर्चही संथ, आणि म्हणून तो कोणाला दिसत नाही. मावशीची सीबीसी आमच्या लॅबमध्ये होते, तिला पावती फाडत नाही. ज्याचा भाचा लॅबमध्ये नाही तो दुसऱ्या वेळीच विचार करतो की आपण ठणठणीत आहोत, जायचं कशाला? आणि येत नाही. डॉक्टरला वाटतं, पेशंट गेला दुसरीकडे.

अशी दोनेक वर्षं गेली. मग सोयाबीनच्या काढणीत, घरात सगळे थकून झोपलेले असताना, मावशीला थंडी वाजून ताप भरला. वहिनींनी मापला, 102. मावसभावानं गाडी काढली आणि पहाटेच्या आत ती लातूरला ॲडमिट होती, शिरेतून अँटिबायोटिक सुरू. त्या रक्तात न्यूट्रोफिल पाचशेच्याही खाली गेले होते. बघत राहण्याची मुदत संपली ती इथे. वारंवार इन्फेक्शन, पाचशेच्या खालचे न्यूट्रोफिल, किंवा रक्त चढवायची वेळ आणणारा ॲनिमिया, यातलं काही आलं की औषध सुरू करायचं, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं होतं.

औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. मावशीनं पाकीट हातात घेतलं आणि तिला हसू आलं. आमवाताची म्हणून तिनं टाकून दिलेली गोळी तीच होती. एलजीएलवर ती कमी मात्रेत, आठवड्यातून एकदाच देतात. 1994 मध्ये लॉफ्रन यांच्याच गटानं अवघ्या दहा रुग्णांवरचा अनुभव छापला होता, त्यातले पाच पूर्ण सुधारले होते. दहा रुग्णांचा निष्कर्ष जगभर वापरला जातो यावरूनच आजार किती दुर्मिळ ते कळावं. आजही साधारण निम्म्यांना गुण येतो, आणि तो आला की नाही हे ठरवायला चार महिने थांबावं लागतं. पुन्हा थांबणंच.

या गोळीचा धोका तिच्या वेळापत्रकात आहे. मावशीला अडीच मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या, सगळ्या एकाच दिवशी, मग सहा दिवस काही नाही (मात्रा तिच्या अंगकाठीवरची आहे, कोणी इथून उचलू नये). चुकून रोज घेतली तर जीव जाऊ शकतो, आणि अशा चुका झालेल्या आहेत. वार लक्षात कसा ठेवायचा? मावशीनंच तोडगा काढला: गावचा बाजार. बाजाराच्या दिवशी रात्री जेवल्यावर सहा गोळ्या, दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिडची एक. बाजार चुकत नाही, म्हणून गोळी चुकत नाही.

त्या दोन गोळ्या डबीत शेजारी-शेजारी बघितल्या की मला गंमत वाटते. फॉलिक ॲसिडचा माग 1931 च्या सुमारास लागला तो मुंबईत; लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायांच्या पंडुरोगावर यीस्टचा अर्क देऊन बघत होती. आणि त्याच फॉलिक ॲसिडची वाट अडवणारी मेथोट्रेक्सेटच्या कुळातली औषधं अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाली, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. एकानं अडवायचं, दुसरीनं थोडं सावरायचं.

चार महिन्यांनी न्यूट्रोफिल तेराशेवर आले. तोंड बरं झालं. आणि मावशीच्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट, सकाळी मूठ वळायला लागली. ल्युकेमियाचं तिला फारसं काही वाटत नाही. ती आल्या-गेल्याला हात उघडझाप करून दाखवते. गावही निश्चिंत झालंय. शेवटी एकदाची गोळी मिळाली ना! आधीची दोन वर्षं डॉक्टरांनी वाया घालवली, असं मावसभाऊ अजून म्हणतो. वहिनी त्यावर काही बोलत नाहीत, कॅलेंडर बदललं तरी जुनी पानं त्यांनी फाईलला लावून ठेवलीत. पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी रिपोर्टच्या आधी तीच मागून घेतली.

लॅबमध्ये आता एक सवय लागली आहे. आमवाताचा पेशंट, न्यूट्रोफिल कमी, लिम्फोसाइट जास्त, असं दिसलं की मशीनच्या आकड्यावर न थांबता मी काच रंगवतो. बहुतेक वेळा काही निघत नाही. औषधाचा परिणाम असतो, नाहीतर साधा विषाणू. एकदोन डॉक्टर वैतागतातही, उगाच शंका लिहिता म्हणून. परवा निलंग्याकडचे एक आजोबा आले. बोटं मावशीसारखीच, काचेवर कण असलेल्या पेशी बऱ्याच, पण पंधरा दिवसांपूर्वीच ताप येऊन गेलेला. मॅडमनी लिहिलं, काही महिन्यांनी पुन्हा तपासा. त्यांचा मुलगा काउंटरवर आला आणि म्हणाला, "तवर काय करायचं साहेब? काई तरी लिहून द्या की." मी त्याला बसवून घेतलं, ताप कधी आणि कसा मापायचा ते सांगितलं, आणि समोरच्या मेडिकलमधून थर्मामीटर आणायला लावलं. ते त्यानं आजोबांच्या काखेत उलटं धरलं होतं. सरळ करून दाखवलं.